मॅडमच्या गळ्यातला माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माईक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तो स्टेजवरचा दांडगा येतो, ज्याला धरून लोक भाषणं ठोकतात. तो मी नव्हे. त्याचं आणि माझं जमतही नाही. तो एकाचा आवाज हजार डोक्यांवर आदळतो, मी एकाचा आवाज एकाच माणसाला नेऊन देतो. अंगठ्याएवढा आहे मी. काळा, चपटा, मागे चिमटा, वर दोरी. गळ्यात अडकवायचा. माझा जोडीदार म्हणजे शेंगदाण्याएवढा एक तुकडा, तो कानातल्या मशीनला खालून चिकटतो. बोलणाऱ्याच्या गळ्यात मी, ऐकणाऱ्याच्या कानात तो. मग बोलणारा फळ्याकडे तोंड करो, खिडकीत जाऊन उभा राहो, वर पंखा घरघरत असो, ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस कानाशी येऊन बोलतोय.

एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करतो. फक्त डोकं लवकर तापतं माझं, ते आधीच सांगून ठेवतो. मागून कुणी म्हणायला नको.

मी बनलो एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या, झाकण बसवलं आणि चाचणीसाठी मला तोंडाजवळ धरून त्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "आज डब्यात काय?" मैत्रिणीच्या कानात माझा जोडीदार होता. ती तिकडून ओरडली, "कालचंच." झालं. पास झालो. माणसं मला मोठमोठं काही सांगणार म्हणून मी तयार होऊन बसलो होतो, आणि पहिलंच बोलणं हे.

पहिली नोकरी एका शाळेत लागली. छोटा मुलगा होता, पुढचे दात पडलेला. त्याच्या बाई मला रोज हौसेने गळ्यात घालायच्या, मैदानावर पळतानासुद्धा. मी त्यांच्या छातीवर उड्या मारायचो आणि मुलाच्या कानात धाप लागल्याचा आवाज जायचा. तो खदाखदा हसायचा. शाळेत कुणी पाहुणे आले की बाई मला दाखवायच्या, "हा आहे म्हणून आमचं पोर पुढे गेलं." काय छाती फुगायची माझी. पुढे तो मोठा झाला, कानातली मशिनं बदलली, नव्या मशिनांशी माझं जमेना. यात कुणाची चूक नाही. मी परत दुकानात गेलो, कानाची मशिनं विकणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. तिथे जुन्या वायरी, सुकलेल्या बॅटऱ्या आणि एक तुटका कंगवा. कंगव्याशी काय बोलणार? गप्प पडून राहिलो.

तिथून मला बाहेर काढलं ते ठकूच्या मावशीने.

ठकू म्हणजे तिचं घरातलं नाव. कॉलेजच्या कागदावर दुसरं होतं, पण ते मला कधी आपलं वाटलं नाही. लहानपणी मोठा ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला. अगदी सगळे नाही. मशीन लावलं की आवाज यायचा, पण चिखलातून आल्यासारखा. उरलेलं ती समोरच्याच्या ओठांवरून वाचायची. आईवडील नव्हते. मावशीने वाढवलं, आणि मावशी होती कपडे शिवणारी. घर म्हणजे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि खोलीत खिडकीशी शिलाई मशीन. कोपऱ्यात कापडाच्या चिंध्यांचा ढीग, त्यावर मांजर.

मी घरी आलो त्या दिवशी माझा जोडीदार ठकूच्या जुन्या मशीनला लगेच बसला, मावशीने मला गळ्यात घातलं आणि शिवायला बसली. ठकू मागे भांडी घासत होती. मावशी सवयीने पुटपुटत होती, "या गिऱ्हाइकाचं पोट आहे का पिंप? परवा माप घेतलं आणि आज परत वाढलंय. आणि आमची राणी, तासभर झाला एक पातेलं घासतेय."

मागून आवाज आला, "दोन घासली. आणि पिंप म्हणू नकोस, पैसे देतात ते."

मावशीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. मग तिने डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "म्हणजे आता या घरात मला मनातलं बोलायची सोय नाही."

"मनातलं बोल ना. तोंडातलं ऐकू येतं फक्त," ठकू म्हणाली.

मित्रांनो, ते दिवस फार बरे होते. ते संपले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचेच संपतात. पण असे संपायला नको होते.

ठकूला कॉलेजात प्रवेश मिळाला. रक्त, लघवी, थुंकी तपासायचं शिक्षण, म्हणजे पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. तिला ते मनापासून हवं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की कुणाला काही बोलावं लागत नाही, काचेवर जे आहे ते आहे. हात तिचा असा हलका की रक्ताचा थेंब काचेवर ओढला की कडेपर्यंत एकसारखा, जीभ फिरवल्यासारखा. अडचण एकच होती. लॅबमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मास्क आला की ओठ गेले, आणि ओठ गेले की ठकूचं अर्धं ऐकणं गेलं. म्हणून मी.

पहिल्या दिवशी ती मला मुठीत धरून एकेका शिक्षकाच्या टेबलाशी गेली. मुठीला घाम आला होता, मी ओला झालो. एक सर म्हणाले, "मला कशाला? माझा आवाज रस्त्यावर ऐकू जातो." त्यांचा आवाज खरंच मोठा होता, पण तोंड कायम फळ्याकडे. ठकूला मोठा चिखल ऐकू आला, एवढाच फरक. दुसऱ्या सरांनी मला घातलं, पण शर्टच्या आत. दिवसभर त्यांच्या बनियनशी घासून माझं अंग सोललं आणि ठकूच्या कानात वादळ. तिसऱ्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं,

"हे रेकॉर्ड तर करत नाही ना?"

"नाही सर. नुसतं ऐकवतं."

"मग हा लाल दिवा कशाचा?"

"चालू असल्याचा."

"चालू म्हणजे रेकॉर्डिंग चालू."

मला इतका राग आला. अरे, मला काही लक्षात ठेवायची सोयच नाही. माझ्या पोटात जागाच नाही. शब्द आला की गेला, टपालवाल्यासारखा. आत्ता मी तुम्हाला हे सगळं सांगतोय ते माझ्या मनातून, यंत्रातून नाही. पण शिक्षक मंडळींच्या डोक्यात एकदा घुसलं ते घुसलं. स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू झाली. ती मशीनवाली आहे ना, तिच्यासमोर जपून बोला.

माईकची परवानगी हवी तर ऑफिसात जा म्हणाले. ऑफिसातले मोठे क्लार्क पान उलटवायच्या आधी बोट जिभेला लावायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुठलीही गोष्ट मागितली की अजून एक गोष्ट मागायची सवय होती.

"डॉक्टरांचा दाखला?" त्यांनी विचारलं. ठकूने दिला. त्यांनी वाचला. "यात लिहिलंय ऐकू येत नाही."

"हो."

"ऐकूच येत नाही तर माईक काय करायचाय?"

"माईक लावला की येतं."

"येतं ना? मग अपंग कुठे? मग सवलत कसली?"

ठकूने त्यांच्या ओठांकडे परत एकदा बघितलं. तिला वाटलं आपणच चुकीचं वाचलं. मी सांगतो, बरोबर वाचलं होतं.

मग तिला पाठवलं खास मुलांच्या मदत कक्षाकडे. दारावर सुबक पाटी. आत जाळ्या, हवा गेलेले चेंडू, एक मोडकी शिडी, आणि मधे स्टुलावर खेळाचे सर, चेंडूत पंपाने हवा भरत. ते ठकूला बघून घाईने उभे राहिले. "बस बाळ. अरे, खुर्ची कुठेय? बरं, या चटईवर बस. हे बघ, मला हे खातं मागच्या वर्षी चिकटवलं. कुणीतरी पाहिजे म्हणून. मी कळवतो वर. मी नक्की कळवतो." आणि त्यांनी खरंच कळवलं असावं. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

ठकूचं मागणं तरी केवढं? वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकाबरोबर तोंडी परीक्षा असते. बाहेरून परीक्षक येतात, मास्क लावून प्रश्न विचारतात. त्यांनी पाच-दहा मिनिटं मला गळ्यात घालावं. नाहीतर प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. दोन्हींतलं कुठलंही. त्या परीक्षेत पास झालं तरच पुढचं वर्ष, नाहीतर नाही. ठकूने अर्ज लिहिला. मावशीने तो तीनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "कृपया जरा जास्तच झालंय. प्रत्येक ओळीत काय पाया पडतेस?"

"पडावं लागतं गं. वाचतंय कोण, माहीत नाही."

विभागाच्या हेडसरांनी अर्ज ठेवून घेतला. म्हणाले, "तोंडी परीक्षा आहे. लिहून दिली तर ती तोंडी कशी राहील?" आणि माईकचं? "बघू. विचाराधीन आहे." ठकूला वाटलं, नाही म्हणाले नाहीत, म्हणजे आशा आहे. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण मला कोण विचारतो? मी एकतर्फी आहे. माझ्यातून जातं, माझ्याकडे येत नाही.

आता जंतूंच्या मॅडमबद्दल सांगतो. सूक्ष्मजीव शिकवायच्या. सगळ्या कॉलेजात त्या एकट्या काही न विचारता मला गळ्यात घालायच्या. "आण गं इकडे," असं म्हणून मान पुढे करायच्या, पांढऱ्या कोटावर मला बरोबर मधोमध लावायच्या, आणि शिकवताना ठकूकडे बघून भुवई उडवायच्या, म्हणजे येतंय ना? ठकू अंगठा दाखवायची. त्या तासाला मी काय काम केलंय, विचारू नका. खडूचा आवाज वेगळा, श्वास वेगळा, शब्द वेगळा, सगळं निवडून पोचवायचो. ठकू घरी येऊन मावशीला म्हणायची, "एक जरी माणूस असं असलं ना, पुरतं." मावशी त्या मॅडमसाठी एक ब्लाउज शिवणार होती. फुकट. मापाचा अंदाज पण घेऊन ठेवला होता, ठकूने हाताने दाखवला तसा.

एका दुपारी तास संपला आणि मॅडम मला काढायच्या विसरल्या. तशाच कोटासकट स्टाफरूममध्ये गेल्या. ठकूच्या लक्षात आलं, पण ती काही धावली नाही. म्हटलं चहा झाला की घेऊ. बाहेर व्हरांड्यात कठड्यावर बसली, डबा उघडला.

आत चहा आला. कपांचा आवाज. हेडसर म्हणाले, "त्या मशीनवालीचं काय करायचं? परत विचारायला आली होती."

कुणी तरुण सर होते, ते म्हणाले, "द्या ना सर. एक माईक तर घालायचाय."

"कुणी घालायचाय? परीक्षकांनी. पाहुणे आहेत ते. आल्या आल्या त्यांच्या गळ्यात हे अडकवू? म्हणतील, काय कॉलेज आहे का काय. आणि ते रेकॉर्ड करतं म्हणतात."

मग माझ्या अगदी जवळून आवाज आला. मी ज्या छातीवर होतो तिथून.

"सर, मी सांगू? मी रोज घालते, मला माहितीये. मुलगी हुशार आहे. हात तर असा आहे की माझा पण नाही. पण उद्या हॉस्पिटलात मागून कुणी ओरडलं आणि हिला ऐकू आलं नाही, चुकीच्या माणसाचं रक्त चुकीच्या बाटलीत गेलं, तर बोट कुणाकडे येणार? आपल्याकडे. त्यापेक्षा तोंडीला जाऊ दे अशीच. आपोआप गळेल. आपण नाही म्हटलं असंही होत नाही, आणि तिलाही वाटेल आपलंच कमी पडलं."

"म्हणजे अर्ज?"

"असू दे की विचाराधीन."

कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला.

मित्रांनो, मी तेव्हा बंद पडायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. बॅटरी संपायला हवी होती. नाही संपली, सकाळीच भरली होती. आणि खोली छोटी, दारं लावलेली, मॅडमचा आवाज हळू आणि माझ्यापासून वीतभर. इतकं स्वच्छ बोलणं ठकूला जन्मात क्वचित ऐकू आलं असेल. एक अक्षर गळलं नाही. नेहमी ती अर्धं ऐकायची आणि अर्धं जुळवायची. या वेळी जुळवायला काही उरलंच नाही.

तिने डबा बंद केला. घास तोंडात होता तो तसाच धरून बसली.

घरी गेल्यावर मावशीला सगळं सांगितलं, मॅडमच्या आवाजाच्या चढउतारासकट. मावशीने कात्री खाली ठेवली. "चप्पल घाल. आत्ता जाऊ. मी बघते एकेकाकडे."

"काय सांगशील?"

"तू ऐकलंस ते सांगेन."

"कसं ऐकलं म्हणून विचारतील. मग? आम्ही म्हणतच होतो, ही पोरगी मशीन लावून आमचं चोरून ऐकते. मावशी, मी तोंड उघडलं की त्यांचंच खरं होतं. माईक काढून घेतील."

"मग गप्प बसायचं?"

"हो."

"आणि उद्या त्याच बाईच्या गळ्यात परत घालायचा?"

"दुसरं कोण घालतं?"

मावशीने शिलाई मशीन सुरू केलं. बराच वेळ शिवत होती. मग बघितलं तर सुईत दोराच नव्हता.

आणि खरंच, ठकूने दुसऱ्या दिवशी मला मॅडमच्या हातात दिलं. "थँक्यू मॅडम," म्हणाली. मॅडमनी मान पुढे केली, भुवई उडवली. ठकूने अंगठा दाखवला. असं कितीतरी दिवस चाललं. माझा जीव जळत होता. मला वाटायचं शिट्टी मारावी, कर्कश, सगळ्या वर्गाने कान झाकावेत. पण मी चांगल्या कारखान्यात बनलोय. माझ्यातून शिट्टी येत नाही.

मॅडम मात्र आता वरचेवर विसरायला लागल्या होत्या. मला घालून दारापर्यंत जायच्या, कधी जिन्यापर्यंत, आणि ठकूला मागे धावावं लागायचं. तिला आता धावायचंच होतं. परत काही ऐकायचं नव्हतं तिला. एक दिवस मॅडम स्टाफरूमच्या दाराशी पोचल्या, हात दारावर, आणि ठकूने त्यांना गाठलं. धाप लागली होती. तिच्या तोंडून निघून गेलं,

"मॅडम, बाहेर पडताना ते बटण बंद करत जाल का? नाहीतर मला सगळं ऐकू येतं."

वाईट हेतूने नाही बोलली. टोमणाही नव्हता. दमलेली होती, बास.

मॅडमचा हात माझ्यावर आला. गळ्यातल्या माईकला छातीचे ठोके ऐकू येतात, मित्रांनो. ते आधी थांबल्यासारखे झाले, मग धाडधाड सुरू झाले. "सगळं म्हणजे?"

ठकूने स्टाफरूमच्या दाराकडे बघितलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, मॅडम. ते तसंच असतं."

मॅडमनी मला काढलं. नेहमी ठकूच्या तळहातावर ठेवायच्या. त्या दिवशी खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि आत गेल्या. बोट माझ्यापासून असं पटकन काढलं की जणू मी म्हणजे गरम तवा.

मला वाटलं आता काहीतरी चांगलं होईल. खरंच वाटलं. माणसाला लाज वाटली की माणूस सुधारतो, असं शाळेतल्या त्या बाई मुलांना सांगायच्या, माझ्यातूनच गेलं होतं ते. पण लाज वाटली की माणूस आधी काय करतो माहितीये? जे बघून लाज वाटते ते नजरेआड करतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आजपासून नको गं. मी मोठ्याने बोलेन." आणि खरंच मोठ्याने बोलल्या, मास्कमधून, आणि ठकूकडे न बघता. त्या आठवड्यात व्हरांड्यात सूचना लागली. वर्गात, लॅबमध्ये आणि परीक्षेत कुठलंही ध्वनियंत्र आणायला मनाई. ठकूचं नाव कुठेच नव्हतं. सूचना सगळ्यांसाठी होती. कॉलेजात ध्वनियंत्र एकच होतं, मी.

ठकू ऑफिसात गेली. क्लार्कनी बोट जिभेला लावलं. "रेकॉर्डिंग होत नाही असं लिहून आणा."

"कुणाकडून?"

"ज्याने बनवलं त्याच्याकडून."

बनवणाऱ्यांचा कारखाना कधीच बंद पडला होता. कानाची मशिनं विकणाऱ्याने बिचाऱ्याने लिहून दिलं, खाली सही पण केली झोकात. क्लार्क म्हणाले, "हा दुकानदार. याला काय अधिकार?" खेळाच्या सरांकडे गेली तर ते पंप हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी कळवलं होतं गं बाळ." मावशी स्वतः गेली हेडसरांकडे, चांगली साडी नेसून. भांडायला गेली होती. परत आली ती साडी न बदलता तशीच भिंतीला टेकून बसली. "इतकं गोड बोलला तो माणूस," म्हणाली. "कुठे चावायचं तेच कळेना."

परीक्षेच्या दिवशी लॅबच्या दाराशी वॉचमन बसला होता, पुढे प्लास्टिकचा ट्रे. त्यात सगळ्यांचे मोबाईल. ठकूने मला पुढे केलं. "काका, हे मला आत लागतं."

वॉचमनने मला बघितलं, तिच्या कानाकडे बघितलं. "माझ्या हातात असतं ना पोरी, तर मी तुला खुर्चीसकट आत सोडलं असतं." आणि ट्रे पुढे केला. मी मोबाइलांच्या गर्दीत पडलो. एकाच्या अंगावर कुत्र्याचं चित्र होतं.

दार अर्धं उघडं होतं, आणि दाराला वर काच. मला सगळं दिसत होतं. ठकूने काचपट्टी तयार केली, थेंब ओढला, वाळवला, स्पिरिट घातलं, रंगवला, धुतला. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि परत बघितलं. ते खूश झाले होते, पाठीवरून कळत होतं. मग ते मास्कमधून बोलले.

"यात काय दिसतंय ते नको सांगू. रंगवायच्या आधी स्पिरिट का घातलं, ते सांग."

मित्रांनो, मला प्रश्न ऐकू आला. दारातून, मोबाईलच्या ढिगातून, शब्दन् शब्द. ऐकणं हेच तर माझं काम. आणि मी ट्रेमध्ये.

ठकूला फक्त त्यांचं बोट दिसलं, काचपट्टीकडे गेलेलं. तिने सांगायला सुरुवात केली, काय दिसतंय ते. किती सुरेख सांगितलं. कुठली पेशी, कुठला रंग, कुठे काय बिघडलंय.

"ते नाही विचारलं."

"सर, परत सांगाल का?"

त्यांनी परत सांगितलं, या वेळी कागद चाळत, खाली बघून.

"सर, मास्क जरा खाली कराल का? मी ओठ बघून…"

"लॅबमध्ये मास्क काढायचा नसतो, हे शिकवलं नाही तुम्हाला?" ते चिडून नाही बोलले. नियम होता, आणि नियम बरोबर होता.

शेजारी जंतूंच्या मॅडम उभ्या होत्या. कॉलेजकडून त्याच परीक्षक होत्या. ठकूने त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मॅडमनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. मी ट्रेमध्ये ताठ झालो. म्हटलं, आता लिहितात. एक ओळ लिहायची होती, त्या कागदाच्या कोपऱ्यावर, हातावर, कशावरही. मॅडमनी टोपण काढलं, खाली वाकल्या आणि गुणांच्या तक्त्यात काहीतरी भरलं. टोपण लावलं. पेन खिशात.

परीक्षक हळूच म्हणाले, "हात चांगला आहे, पण थिअरी कच्ची दिसते." मॅडमनी मान हलवली.

ठकू तोंडी परीक्षेत नापास झाली. फक्त तोंडी. बाकी सगळ्यात तिचे गुण भिंतीवर लावण्यासारखे होते. परत बसायचं असेल तर नवा अर्ज करा म्हणाले. नवा अर्ज घेऊन गेली तर क्लार्कनी बोट जिभेला लावलं, फाइल काढली आणि म्हणाले, "तुमचा जुना अर्ज अजून विचाराधीन आहे. तो निकाली निघाल्याशिवाय नवा घेता येत नाही."

ठकू हसली. मला वाटलं रडेल. हसली, अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला आणि "बरं" म्हणाली. कॉलेजशी बोललेला तिचा शेवटचा शब्द तो.

आता ती मावशीबरोबर बटणांची काजं करते. हात हलका आहेच, काजं सुरेख होतात. गिऱ्हाइकं नावाजतात. मॅडम एकदा गल्लीतून जाताना दिसल्या म्हणे. मावशी म्हणाली, ओळख दाखवली नाही. कुणी कुणाला, ते सांगितलं नाही.

सुरुवातीला मावशीने मला गळ्यात घालून बघितलं. स्वयंपाकघरातून हाक मारली, "ठकू, चहा." मी आवाज नेला, नेहमीसारखा, पण तिकडे घ्यायला कुणी नव्हतं. ठकूने कानातली मशिनं काढून ठेवली होती. हल्ली रोजच काढून ठेवते. म्हणते, काजं करायला कशाला लागतात. मावशी दोनदा म्हणाली, लाव गं, लोक काय म्हणतील. ठकू म्हणाली, तेच ऐकायचं नाहीये. आता मावशी जवळ जाऊन खांद्याला हात लावते, मग बोलते. पुटपुटायचं तिने सोडूनच दिलंय. घरात फक्त शिलाई मशीनचा आवाज असतो, आणि मांजराचा.

मी बटणांच्या डब्यात आहे. बॅटरी फुगलीये माझी, पाठ वर आलीये. मधूनमधून लाल दिवा लागतो आपोआप आणि विझतो. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझ्यासारखा जुना माईक घेऊन कुणी काही करणार नाही, आणि ठकू परत जाणार नाही, हे मला कळतं. आत्मकथा सांगणारे माझ्या जातीचे लोक शेवटी तुम्हाला सांगतात की वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, ओलाव्यापासून जपा. ते सगळं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, ज्याला हवं त्याने वाचावं.

मी दुसरंच सांगतो. तुम्ही विसराल, तरी सांगतो. तुमच्यातलं कुणी मोठेपणी शिकवायला लागेल, कुणी परीक्षा घ्यायला बसेल. एखादी मुलगी पहिल्या दिवशी टेबलाशी येऊन उभी राहील, मुठीत काहीतरी धरून, मुठीला घाम आलेला. तिला दाखला मागू नका. रेकॉर्ड करतं का विचारू नका. तुमचा आवाज किती मोठा आहे ते सांगू नका.

मान पुढे करा. आणि मग ती समोर नसतानाही जपून बोला.